पट्टेराव महाराजांची पिक्चर ट्यूब

एका जंगलात एक टीव्ही होता.

मुलांनो, हसू नका. वाघ दरबार भरवतो, कोल्हा दिवाणगिरी करतो, माकडं खुर्च्यांवर बसतात, हे सगळं तुम्ही निमूट ऐकून घेता. मग टीव्हीनंच तुमचं काय घोडं मारलंय? वीज कुठून यायची, तेही विचारू नका. गोष्टीतल्या जंगलात वीज कधी जात नाही. आपल्या गावात आणि गोष्टीत तेवढा फरक राहणारच.

हा टीव्ही तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीसारखा पापडाएवढा चपटा नव्हता. चांगला ढेरपोट्या होता. त्याला लाकडी कपाट होतं, कपाटाला सरकती दारं होती आणि डोक्यावर क्रोशानं विणलेला रुमाल होता. आत होती पिक्चर ट्यूब. म्हणजे काचेचा एक भलामोठा भोपळा समजा. त्याच्या देठाकडे तीन बंदुका, एक लाल रंगाची, एक हिरव्या आणि एक निळ्या. तिघीही पडद्याच्या आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांवर नेम धरून मारा करत राहायच्या. ज्या रंगाची बंदूक, त्याच रंगाचा ठिपका. नेम बरोबर लागला की चित्र खरं. नेम चुकला की कुणाच्याही तोंडाला कुठलाही रंग. एवढं विज्ञान ध्यानात ठेवा. दिवाणांना एवढंही येत नव्हतं, पण त्यांचं कधी कुठं अडलं नाही.

टीव्ही राजवाड्यापुढच्या जांभळाच्या झाडाखाली मांडलेला असे. झाड राजाचं, म्हणून त्याची जांभळंही राजाची. खाली पडून सडली तरी दुसऱ्यानं उचलायची नाहीत, असा कायदा होता. जांभळं मन लावून सडायची.

सकाळी गुहेत बातम्या चित्रित होत. संध्याकाळी सगळं जंगल झाडाखाली जमून त्या बघत असे. पडद्याच्या उजव्या बाजूला पट्टेराव महाराज बसलेले दिसत. डाव्या बाजूला कुमुदताई नावाची ठिपक्यांची हरिणी बातम्या वाचत असे. बातम्या मोठ्या महत्त्वाच्या असत. महाराज आज नदीवर गेले, नदी भारावून गेली. महाराज दुपारी झोपले, झोप समाधानकारक झाली. कुमुदताईचा आवाज इतका गोड की झोपेची बातमी ऐकून ससे जागेवरच पेंगायला लागत.

आणि हा टीव्ही सांभाळायचा खंडूमिस्त्री. जातीनं खवल्या मांजर. अंगभर खवले, लांब जीभ आणि भीती वाटली की गोल गुंडाळून घ्यायची सवय. तरुणपणी तो मुंग्यांच्या मागे मागे या टीव्हीत शिरला होता. मुंग्या खाता खाता कुठली तार कुठून निघून कुठे जाते, ते त्याला पाठ झालं. एकदा ट्यूबच्या माथ्यावरच्या रबरी टोपीखाली जीभ गेली, तेव्हा तो फेकला जाऊन करवंदीच्या जाळीत पडला. टीव्ही तर बंद होता. बंद केलेली ट्यूबसुद्धा पोटात विजेचा राग धरून असते, ही अक्कल त्याला तेव्हा आली.

हुशार होता, यात शंका नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. मी उघडलेला सेट कधी आंधळा राहिला नाही, हे वाक्य तो येता-जाता म्हणे. लग्नाला गेला तरी म्हणे. बारशाला गेला तरी म्हणे. एकदा एका मयताला जाऊन म्हणाला, तेव्हा लोकांनी त्याला बाजूला नेलं.

तर काय झालं, महाराजांचा वाढदिवस आला. कोल्हेदिवाणांनी भेट म्हणून एक दांडगा लाऊडस्पीकर आणला आणि तो टीव्हीच्या डाव्या अंगाला अगदी खेटून ठेवला. त्यातून सकाळ-संध्याकाळ महाराजांचा जयजयकार व्हायचा. त्याच्या पोटात तव्याएवढं लोहचुंबक होतं. ते अर्थात बाहेरून दिसत नव्हतं. जयजयकार तेवढा ऐकू येत होता.

त्या संध्याकाळी बातम्या लागल्या आणि सगळ्यांनी आ वासला. कुमुदताईचं तोंड जांभळंशार दिसत होतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, कानांच्या टोकांसकट.

दिवाण ताडकन उठले. त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग वर झाडाकडे केलं. आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. हरिणीनं राजाची जांभळं चोरून खाल्ली होती आणि वर तोंड न पुसता बातम्या वाचायला बसली होती.

आता गंमत ऐका. कुमुदताई तिथंच प्रेक्षकांत बसलेली होती. तिचं तोंड रोजच्यासारखं तांबूस होतं. शेजारच्या सशानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि तो तिच्यापासून चार हात लांब सरकून बसला. प्रत्यक्ष डोळ्यांना काय, कुणीही फसवतं.

जांभूळचोरीला शिक्षा एकच होती, हद्दपारी. हद्दपारी म्हणजे नदी ओलांडून पलीकडे जायचं. नदीला उतार एकच आणि त्या उतारात मगर राहायची. आजवर हद्दपार झालेलं कुणी पलीकडच्या काठावर चढलेलं दिसलं नव्हतं. शिक्षा फार कडक आहे, अशी मगरीची मात्र कधी तक्रार नव्हती.

कुमुदताईनं धीर धरून एक मागणी केली. टीव्हीच बिघडला असेल, तो आधी तपासा. दिवाणांनी उदारपणे मान हलवली आणि खंडूमिस्त्रीला बोलावणं गेलं.

मिस्त्री आला. सगळं जंगल आपल्याकडे बघतंय हे त्यानं पाहिलं आणि त्याची मान जरा वर झाली. त्यानं मागचं झाकण काढलं. आधी मुंग्या खाल्ल्या, ती त्याची रीत होती. मग देठाकडच्या, बंदुका तापवणाऱ्या वाती पाहिल्या. तिन्ही मंद पेटलेल्या होत्या. तिन्ही बंदुकांचा विजेचा दाब पाहिला, तो जिथल्या तिथं होता. तारा जोडणारे टाके पाहिले, ते पक्के होते. त्यानं कानाकोपरा चाटून पाहिला. ट्यूबमध्ये, तारांत, कशातही तिळाएवढी खोट नव्हती.

दिवाणांनी विचारलं, "मिस्त्री, पेटीत काही दोष?"

"माझ्या सेटमध्ये?" खंडूमिस्त्री म्हणाला. "दोष निघाला तर अंगावरचे खवले उतरवून देईन."

"म्हणजे पेटी दाखवते ते खरं."

मिस्त्रीनं ऐटीत मान डोलावली. मान डोलावून झाली आणि मग त्याचं लक्ष कुमुदताईकडे गेलं. ती त्याच्याकडेच बघत होती. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं, पण तोवर दिवाणांनी निकाल सांगून टाकला होता. येत्या पौर्णिमेला हद्दपारी. पुरावा मिस्त्रीनं स्वतः तपासलेला.

त्या दिवसापासून खंडूमिस्त्रीला मुंग्या गोड लागेनात. सेट चांगला, हे खरं. कुमुदताईनं जांभूळ खाल्लं नाही, हेही खरं. ती सकाळभर गुहेत बातम्या वाचते, झाडाखाली येते ती चारचौघांत. मग दोन खरी एकमेकांच्या उरावर कशी बसली? तो रोज संध्याकाळी पडद्यासमोर ठाण मांडून बसू लागला.

एक दिवस बातम्यांत नदी दाखवत होते. एक पांढरा बगळा पडद्याच्या उजवीकडून उडत आला. मधोमध आला तोवर पांढरा होता. डाव्या कोपऱ्यात शिरला आणि जांभळा झाला. मिस्त्रीनं श्वास रोखला. बगळे काही जांभळं खात नाहीत. म्हणजे रंग तोंडाला नव्हता, कोपऱ्याला होता. जो त्या कोपऱ्यात जाईल तो जांभळा. मिस्त्रीची नजर कोपऱ्यावरून हळूच बाहेर सरकली आणि लाऊडस्पीकरवर जाऊन थांबली.

मुलांनो, लोहचुंबक जवळ आलं की बंदुकांचा नेम ढळतो. लाल बंदूक एकीकडे मारायला जाते आणि लागतं भलतीकडेच. बंदुका चांगल्या, गोळ्या चांगल्या, फक्त शेजारी कोण येऊन बसलंय ते महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी साफसफाईचं निमित्त करून मिस्त्रीनं लाऊडस्पीकर लांब सरकवला. पण नुसतं तेवढं करून भागत नाही. ट्यूबच्या आत पडद्यामागे असलेल्या लोखंडी जाळीत चुंबकाचा अंश मुरून राहतो, तो उतरवावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या तारेचं एक मोठं कडं असतं. त्यात वीज सोडायची, ते पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवत, पाठ न वळवता, हळूहळू मागे यायचं. मिस्त्रीनं तसंच केलं. डाग पुसट झाला आणि मग नाहीसा झाला.

पण हे सगळं चाललं होतं भर सभेत. गोल गोल ओवाळणं आणि मग पाठ न दाखवता मागे सरणं, हे बघून म्हातारी कासवीण हात जोडून उभी राहिली. तिचं बघून सगळेच उभे राहिले. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. मिस्त्री घामाघूम होऊन कडं खाली ठेवतो, तर लोक पडद्याच्या पाया पडत होते.

दिवाणांनी लगेच अर्थ लावला. टीव्हीची आरती झाली, म्हणून हरिणीचं पाप तेवढ्यापुरतं झाकलं गेलं. आता रोज आरती करायची, आणि आरती म्हटल्यावर जयजयकार हवाच. लाऊडस्पीकर उचलून पुन्हा टीव्हीला खेटवण्यात आला. संध्याकाळी कुमुदताई पुन्हा जांभळी झाली, ती आधीपेक्षा गडद.

"पाहिलंत?" दिवाण म्हणाले. "आरतीलासुद्धा दाद देत नाही. मुरलेली चोर आहे."

मग मिस्त्रीनं हिय्या केला आणि दिवाणांना एकटं गाठून खरं काय ते सांगितलं. दोष कुमुदताईचा नाही, पेटीचाही नाही. लाऊडस्पीकर तेवढा हलवा.

दिवाणांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे महाराजांच्या जयजयकारानं चित्र बिघडतं, असं तुझं म्हणणं?"

"जयजयकारानं नाही हो. त्याच्या आत चुंबक आहे, त्यानं."

"म्हणजे जयजयकाराच्या आत भलतंच काही आहे, असं म्हणणं. उद्या दरबारात बोलशील हे?"

खंडूमिस्त्री तिथल्या तिथं गोल गुंडाळला. दिवाण त्याला ओलांडून निघून गेले.

गुंडाळून पडल्या पडल्याच त्याला युक्ती सुचली. खवल्या मांजरांना ज्या काही युक्त्या सुचतात त्या याच आसनात सुचतात. पौर्णिमा जवळ आली होती. तो दरबारात गेला, लवून मुजरा केला आणि म्हणाला की महाराज, एक चूक राहून गेलीय. जयजयकार आपला आणि तो निघतो त्या चोरट्या हरिणीच्या बाजूनं. शोभतं का हे? तो आपल्या अंगाला, उजवीकडे हवा.

महाराजांनी दिवाणांकडे डोळे वटारून पाहिलं. दिवाणांनी स्वतःच्या हातांनी लाऊडस्पीकर उचलून उजवीकडे नेला. मिस्त्रीनं कडं ओवाळून डावा कोपरा स्वच्छ केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बातम्या लागल्या.

कुमुदताईचं तोंड तांबूस, तुकतुकीत. आणि पट्टेराव महाराज नखशिखांत जांभळे.

मिस्त्रीच्या पोटात आनंदाच्या गुदगुल्या होत होत्या. आता यांना कळेल. राजा काही स्वतःचीच जांभळं चोरणार नाही. म्हणजे रंग खोटा, खटला खोटा, ताई सुटली.

दिवाणांनी एक मोठा श्वास घेतला. मग ते उठले आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले. ते म्हणाले की आज जंगलाचं भाग्य उजळलं. राजाच्या झाडानं राजाला आपला रंग वाहिला. हाच तो राजवर्ण. त्यांचं बोलणं संपायच्या आत दोन माकडं झाडाखालची सडकी जांभळं तोंडाला चोळायला लागली. मग रानडुकरांनी चोळली. ससा मागे राहिला असं वाटू नये म्हणून त्यानं कानांनाही लावली. महाराज पडद्यावरच्या आपल्या रूपाकडे बघून मिशांवर पंजा फिरवत होते.

मिस्त्री पुढे झाला. "दिवाणसाहेब, रंग जर एवढा शुभ, तर कुमुदताईचा गुन्हा कुठं राहिला? सोडा तिला."

गर्दीतून कुजबुज झाली. बोलणं बिनतोड होतं. मग दिवाणांनी विचारलं, "हा रंग महाराजांना कधी लाभला?"

"आज."

"आणि हिला?"

मिस्त्री बोटांवर दिवस मोजायला लागला.

"महाराजांच्या आधी," दिवाण म्हणाले. "आम्ही हिला नुसती चोर समजत होतो. ही तर गादीवर डोळा ठेवून होती."

महाराजांच्या घशातून घरघर निघाली. पौर्णिमेपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही. उद्याच हद्दपारी. मात्र सगळं रीतीनं. आधी कुमुदताईचं ते जांभळं तोंड पडद्यावर पुन्हा दाखवायचं, मग नदीवरची हद्दपारी पडद्यावर दाखवायची. जे पडद्यावर दिसलं नाही ते घडलं असं त्या जंगलात धरत नसत.

कुमुदताईला तिथंच झाडाला बांधून ठेवलं. ती रडली नाही. तिनं मिस्त्रीला जवळ बोलावून हळूच एवढंच विचारलं, "खंडूभाऊ, हा असला उपकार करायला मी तुला सांगितलं होतं का?"

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्यांदा ऐट केली तर ही चोर ठरली. दुसऱ्यांदा शहाणपण केलं तर राजद्रोही ठरली. आता तिसऱ्यांदा आपण खरं काही करायला गेलो, तर हिच्याबरोबर हिचे नातेवाईकही मगरीच्या पोटात जातील, अशी त्याची खात्री झाली.

सकाळी पुन्हा सगळे जमले. मिस्त्री दिवाणांना म्हणाला, कालच्या आरतीनं हिचा रंग उतरलाय, पुरावा पुन्हा नीट गडद दिसावा म्हणून सेट जरा जुळवून देतो. दिवाणांना हा सुधारलेला मिस्त्री फार आवडला. मिस्त्री पेचकस घेऊन टीव्हीच्या मागे गेला.

मागे आत एक लहानशी घुंडी असते. तिला स्क्रीन म्हणतात. एकीकडे पिळली की चित्र उजळत जातं, दुसरीकडे पिळली की अंधारात जातं. ट्यूबला काही होत नाही, वाती पेटलेल्या राहतात, बंदुका तयार असतात, नुसतं दिसायचं बंद होतं. शिकाऊ मिस्त्रीलाही हे ठाऊक असतं. खंडूमिस्त्रीनं पेचकस घुंडीत घातला आणि थांबला. मी उघडलेला सेट कधी आंधळा राहिला नाही. सगळा जन्म त्या एका वाक्यावर गेला होता. त्यानं डोळे मिटले आणि घुंडी पिळली.

पडदा काळा झाला. लाऊडस्पीकर तेवढा जयजयकार करत राहिला.

मिस्त्री बाहेर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "महाराज, ट्यूब गेली."

"गेली म्हणजे? दुरुस्त कर," महाराज म्हणाले.

"मला नाही जमायचं. नवीच लागेल."

इतकी वर्षं त्याची बढाई ऐकलेले प्राणी एकमेकांकडे बघून हसायला लागले. एक माकड तर हसून हसून फांदीवरून पडलं. मिस्त्रीनं ते सगळं ऐकून घेतलं. त्याला लाज वाटली, खरोखरची वाटली.

दिवाणांनी करड्या आवाजात विचारलं की नवी कधी येईल. तेव्हा खंडूमिस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, जे तोवर त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"मागवलीय. आठवड्याभरात येईल."

पुरावा दाखवता येईना, म्हणून हद्दपारी ट्यूब येईपर्यंत तहकूब झाली. कुमुदताईला झाडापासून सोडलं. आठवडा गेला. मिस्त्री म्हणाला, वरूनच माल नाहीये. पावसाळा गेला. मिस्त्री म्हणाला, आली होती, पण मापात बसली नाही, परत पाठवलीय. आणखी काही पावसाळे गेले. तसल्या ट्यूबा बनवणंच आता बंद झालंय, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. महाराज थकले, दिवाणांचे दात पडले. तरी रोज संध्याकाळी सगळं जंगल तोंडाला जांभूळ चोळून काळ्या पडद्यासमोर बसतं, आरती करतं आणि उठून घरी जातं. काही दिसत नाही म्हणून कुणाची तक्रार नाही. आधी तरी कुठं कोण बघत होतं?

खंडूमिस्त्रीला आता कुणी कामाला बोलावत नाही. तो रस्त्यानं निघाला की पोरंटोरं मागून ओरडतात, मिस्त्री, ट्यूब आली का? तो खवल्यांआड तोंड लपवून पुढे जातो. घरी बसून एकट्यानं मुंग्या खातो.

कुमुदताई मात्र ठणठणीत आहे. कुरणात चरते, अंगानं भरली आहे. मिस्त्रीवर तिचा राग अजून गेलेला नाही. शेजारणी जमल्या की ती हटकून सांगते, "चांगली बातम्या वाचत होते मी. सगळं जंगल कान देऊन ऐकायचं. या मेल्या खंडूला एक ट्यूब बसवता आली नाही, म्हणून आज मी अशी गवत खात बसलेय."

तात्पर्य : काम वेळेवर आणि चोख करणाऱ्या मिस्त्रीपासून निरपराध माणसानं सांभाळून असावं. आणि जो मिस्त्री वर्षानुवर्षं 'पार्ट मागवलाय' असं सांगतो, त्याच्याशी भांडू नये. त्याच्या कृपेनं गावात कोण कोण जिवंत आहे, आपल्याला काय ठाऊक?